चार बाटल्या, एक पेला

न्यू जर्सीत डिसेंबर लागला की दारूच्या दुकानात शिरताक्षणी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मनोरा आडवा येतो. प्रत्येक खोक्याला खिडकी कापलेली. खिडकीतून चार बाटल्या आणि एक पेला आपल्याकडे बघत असतात, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखे.

चार बाटल्या, एक पेला. हे गणित मला इतक्या वर्षांत सुटलेलं नाही. मी एकट्यानेच प्यावी असं म्हणावं, तर भेट देणाऱ्याचं माझ्याबद्दल नक्की मत काय आहे? चौघांनी प्यावी म्हणावं, तर उरलेल्या तिघांनी ओंजळ धरायची का?

गेल्या नाताळात असाच एक बेल्जियन खोका घरी आला. पेला अर्थातच काकांना, वयाचा मान म्हणून. आम्ही तिघांनी स्टीलचे ग्लास काढले. बेल्जियन बिअरला फेस दांडगा, आणि आमचं ओतणं तांब्यातून पाणी ओतल्यासारखं. दूध उतू जावं तशी ओट्यावर गेली. काका मात्र पेला उजेडात धरून, ‘अरे, रंग बघा रंग’ करत बसले होते.

बेल्जियममध्ये पेला हा थट्टेचा विषय नाही, हे कबूल. डूव्हेल बिअरच्या ट्युलिपसारख्या पेल्याच्या तळाशी इंग्रजी ‘डी’ कोरलेला असतो. त्या खरखरीत जागी बुडबुडे धरतात आणि तळापासून वर त्यांची माळ लागते. गेंट शहरातल्या ‘दुल्ले ग्रीट’ नावाच्या पबमध्ये तर खास मोठा पेला हवा असेल तर पायातला एक जोडा तारण ठेवावा लागतो. तो टोपलीत घालून छताला टांगतात. आपल्याकडे जोडे देवळाबाहेर काढले की आत हात जोडून उभं असतानाही अर्धं मन बाहेरच असतं. इथे जोडा थेट डोक्यावर, त्यामुळे चित्त कसं एकाग्र.

पण खोक्याच्या खिडकीचं काय? हॉप्स नावाच्या फुलांमुळे बिअरला जो कडवटपणा येतो, त्याला उजेड सोसत नाही. उजेडाने त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं, आणि ते स्कंक नावाचा प्राणी शेपटी वर करून जो फवारा मारतो, त्यातल्या संयुगांचं जवळजवळ सख्खं भावंड. इकडच्या रस्त्यावर रात्री एखादा स्कंक गाडीखाली आला की काचा बंद असूनही कळतं. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी नावापुरता, पारदर्शक तेवढाही नाही. म्हणजे हिरव्या बाटल्या घ्यायच्या, खोक्याला खिडकी कापायची, महिनाभर ट्यूबलाइटखाली मांडायच्या आणि वर लाल रिबीन. कित्येकांना तोच वास ‘इम्पोर्टेड चव’ वाटतो, हे आणखी वेगळं.

इम्पोर्टेडवरून आठवलं. बेक्स ही ब्रेमेनची जर्मन बिअर. अमेरिकेत विकली जाणारी बेक्स 2012 पासून मिसूरीतल्या सेंट लुईसला बनू लागली. लेबलावर जर्मन शुद्धतेचा 1516 चा कायदा ठळक, अमेरिकेत बनल्याची ओळ मात्र भिंग लावून वाचावी अशी होती. गिऱ्हाइकं कोर्टात गेली, 2015 मध्ये तडजोड झाली: पावत्या असतील तर घरटी 50 डॉलरपर्यंत परत, नसतील तर 12. बिअरच्या पावत्या जपून ठेवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. असलाच तर तो सदाशिव पेठेतून आलेला असणार.

नावाच्या बाबतीत मात्र ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ या बेल्जियन बिअरचा हात कोणी धरणार नाही. पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की जो भ्रम होतो, हातपाय थरथरतात, त्या आजाराचं हे नाव. आणि तेच दारूला! बाटलीवर गुलाबी हत्ती. आईने खोक्यातल्या पेल्यावरचा हत्ती पाहिला आणि म्हणाली, “इकडचे लोकही गणपती मानतात हो.” पेला तिने देवघराशेजारी ठेवला. त्यात जास्वंद आहे. मी गप्प आहे.

या सगळ्या बाजारात एकच खोका मला मनापासून आवडला, आणि तो नेमका माझ्या हाती लागला नाही. बेल्जियममधल्या वेस्टव्लेटेरनच्या सिंट-सिक्स्टस मठातले साधू बिअर बनवतात, पण पोटापुरतीच. बाटलीला लेबल नसायचं, जी काय माहिती ती झाकणावर. घ्यायची तर आधी नंबर लावून मठाच्या दारात जावं लागायचं. अशा माणसांना मठाच्या बांधकामासाठी पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी 2012 च्या डिसेंबरात अमेरिकेत गिफ्ट पॅक पाठवला: सहा बाटल्या, दोन पेले, सुमारे 85 डॉलर. खोका विटेसारखा. आपला देव विटेवर उभा, यांचा मठ विटा विकून. आमच्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला बाबांनी पावती फाडली होती. बदल्यात अंगारा मिळाला आणि फरशीवर नाव, तेही ऱ्हस्व-दीर्घ चुकवून. इथे पावतीसोबत दहा टक्क्यांची बिअर. शिवाय पेले दोन! संसार सोडलेल्या माणसांना जे कळलं, ते संसारी कंपन्यांना अजून कळत नाही.

यंदा मी घाई करणार नाही. नाताळ उलटला की खोके मागच्या भिंतीशी जातात आणि भाव उतरतो. गडद, कडक बिअर तेवढी थांबते, हलकीच्या वाटेला जायचं नाही. खरं तर मला पेलाच हवा आहे. काकांचा तो ट्युलिपसारखा पेला गेल्या आठवड्यात घासताना फुटला. बायको त्यात सोलकढी द्यायची. गुलाबी रंग, वर कोथिंबिरीचं एक पान, आणि फेस अजिबात नाही.