रुमालाखालचा सौदा

आमच्या सासऱ्यांचा गुडघा दुखायला लागला आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या घरात पहिल्यांदाच 'प्रायव्हसी' हा शब्द उच्चारला गेला. दुपारी मामांनी मामींना नुसतं विचारलं, "तिळाचं तेल आहे का गं?" संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर गुडघ्याचा पट्टा, गुडघ्याचं तेल, गुडघा बदलून देणारे डॉक्टर, सगळे ओळीनं हजर. फोन ऐकतो, अशी मामांची खात्री झाली. मधल्या वेळात त्यांनी स्वतःच फोनला 'गुडघेदुखीवर घरगुती उपाय' असं खणखणीत आवाजात विचारलं होतं, ते मामींनी मला मागाहून हळूच सांगितलं.

मामींची तक्रार वेगळी. मेहुणा फ्रँकफर्टला असतो. गेल्या खेपेला त्या तिकडं तीन महिने होत्या. इथं पैसे भरून घेतलेलं अॅप तिकडं उघडलं, तर मालिकेऐवजी पाटी आली: हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. "माझा देश यांनी परस्पर कसा ठरवला?" हा प्रश्न त्या अजून विचारतात. आता पुन्हा जायचं होतं, आणि मालिकेत नेमकी सुनेच्या खऱ्या आईची एन्ट्री व्हायची होती.

दोन्ही दुखण्यांवर मेहुण्यानं एकच औषध सांगितलं, व्हीपीएन घ्या. कुठलं घ्यायचं ते साताऱ्याच्या जावयावर सोपवण्यात आलं. माझी पात्रता एवढीच, की एकदा मी त्यांच्या वायफायचा पासवर्ड बदलून दिला होता. तो त्यांना अजून सापडलेला नाही.

आठ दिवस मी नुसत्या जाहिराती वाचल्या. सांगलीशेजारी हरिपूरला हळद साठवायची पेवं जमिनीखाली असत. व्हीपीएनच्या जाहिरातींचं पेव मात्र उघड्यावरच फुटलेलं. प्रत्येक कंपनी पहिल्या क्रमांकाची. प्रत्येकीवर भरघोस सूट, आणि सूट संपायला चौदा मिनिटं उरल्याचं सांगणारं घड्याळ. घाबरून मी पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर चौदाच मिनिटं उरली होती.

शेवटी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन सांगलीची एसटी धरली.

"मामा, तुमच्या फोनपासून कंपनीच्या यंत्रापर्यंत एक बोगदा होतो," मी सुरुवात केली. "आत काय चाललंय ते इंटरनेट देणाऱ्याला दिसत नाही. तुम्ही कुठंतरी जोडलेले आहात, एवढंच दिसतं."

मामांनी पस्तीस वर्षं हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काढली. ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग खांद्यावरचा पंचा काढला, माझा उजवा हात ओढला, दोन्ही हातांवर पंचा टाकला आणि आतून माझी तीन बोटं दाबली.

"हे असंच की! जुन्या बाजारात रुमालाखाली भाव ठरायचा. शंभर माणसं भोवती उभी. सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतंय, भाव कुणालाच कळत नाही."

"अगदी हेच!"

"पण जावईबापू," पंचा तसाच ठेवून ते म्हणाले, "अडत्याला तर कळतो."

आठ दिवसांच्या वाचनात जे मला उमगलं नव्हतं, ते मामांनी पंचात बांधून पुढ्यात ठेवलं. आपल्या गावातल्या इंटरनेटवाल्यापासून लपायचं, तर पलीकडच्या व्हीपीएनवाल्याच्या हातात बोटं द्यायची. विश्वास कुणावर तरी टाकावाच लागतो, फक्त माणूस बदलतो. आणि बँकेचं म्हणाल तर तिथं व्यवहारावर आधीपासूनच कुलूप असतं. तेवढ्यासाठी दुसरा रुमाल लागत नाही.

"फुकटवाले पण आहेत," मी म्हणालो.

"फुकट अडत करणारा अडत्या मी आयुष्यात बघितला नाही. त्याचा धंदा दुसरीकडं असतो."

असतोच. होला नावाचं फुकटचं व्हीपीएन लाखो लोक वापरत होते. 2015 मध्ये उघडकीला आलं, की ते आपल्याच गिऱ्हाइकांचं इंटरनेट दुसऱ्यांना विकत होतं. म्हणजे माल ठेवायला गोदाम फुकट दिलं, आणि रात्री तुमच्याच ओसरीवर परक्याची पोती उतरवली. फेसबुकनं तर 2013 मध्ये ओनावो ही कंपनीच विकत घेतली. लोकांचं संरक्षण करता करता तिचं व्हीपीएन अॅप लोक कुठली दुसरी अॅप वापरतात हे मालकाला कळवत होतं. प्रोटॉनसारखे अपवाद आहेत, त्यांच्याकडं पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर फुकटवाले निभावतात. पंगतीत अशीही माणसं असतातच.

मग पैसेवाल्यांची यादी निघाली. नॉर्डव्हीपीएनचा पत्ता पनामाचा, एक्स्प्रेसव्हीपीएनचा ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचा, प्रोटॉनचा स्वित्झर्लंडचा. "पनामाला वसुलीला कोण जाणार?" मामांनी विचारलं. मी म्हणालो, कुणी जाऊ शकत नाही म्हणूनच तर तो पत्ता. सगळ्यांचा दावा एकच, आम्ही वही ठेवत नाही. गिऱ्हाईक कोण, कुठं गेलं, कशाचीच नोंद नाही.

यावर मामा हसले. ते मूळचे तासगाव तालुक्यातले. नाना पाटील बेचाळीसपासून शेचाळीसपर्यंत याच मुलखात भूमिगत होते, अख्खं प्रतिसरकार चालवत होते. इंग्रजांचे पोलीस गावोगाव विचारत फिरले. गावानं काय सांगायचं? कोण आलं नाही, कोण गेलं नाही, आम्ही कुणाला ओळखत नाही. वही नाहीच! हीच माणसं, हाच मुलूख. पण परवा मेहुण्यानं जर्मनीत गाडी घेतली, ती किती हप्त्यांवर, हे आमराईत फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना ठाऊक. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. निकालाची प्रत माझ्या सासुरवाडीला पोचलेली नाही.

खरी अडचण पुढंच होती. मामींना फ्रँकफर्टमध्ये बसून भारतात असल्याचं दाखवायचं, म्हणजे भारतातलं यंत्र हवं. 28 एप्रिल 2022 ला सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं फर्मान काढलं, की व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, कारण अशी सगळी वही पाच वर्षं जपून ठेवायची. व्हीपीएन वापरायला बंदी नाही, पण वही ठेवा. वही न ठेवण्यावरच ज्यांचं दुकान, त्यांनी इथला गाळाच खाली केला. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपली यंत्रं हलवली. भारताचा पत्ता मिळतो, पण यंत्र असतं सिंगापुरात, नाहीतर लंडनमध्ये.

"म्हणजे नाव एक, जागा दुसरी," मी खुलासा केला.

"त्यात काय," मामा म्हणाले. "मी स्वातंत्र्याच्या वर्षी सातारा जिल्ह्यात जन्मलो. शाळेत नाव घातलं तेव्हा जिल्हा दक्षिण सातारा. मॅट्रिक झालो तोवर सांगली. घर तेच, गोठा तोच, म्हैस तेवढी बदलली."

एकोणपन्नास साली साताऱ्याचा दक्षिणेकडचा तुकडा वेगळा काढला आणि साठ साली त्याला सांगली नाव दिलं. फुकटात तीन पत्ते! एवढी सोय पनामावाले देत नाहीत.

एका महिन्याचे पैसे भरले. दोन वर्षांचे भरले की स्वस्त पडतं, पण मामा म्हणाले, नव्या अडत्याकडं आधी एकच पोतं टाकावं. पासवर्ड कालनिर्णयवर लिहिला गेला, 'गॅस आला'च्या खाली, दुधाच्या हिशेबाच्या वर. गुडघ्याच्या जाहिराती मात्र येतच राहिल्या, कारण फोनमध्ये खातं मामांच्याच नावाचं. रुमालाखाली हात घालायचा आणि तोंडानं नाव-गाव सांगायचं, असा तो प्रकार.

मामा-मामी जर्मनीला गेले. अॅप दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पाटी: तुम्ही व्हीपीएन वापरत आहात. एकाच पत्त्यावरून हजारो माणसं बाहेर पडायला लागली, की या मंडळींना संशय येतोच. आणि करारातली अट आपणच मोडलेली, त्यामुळं भांडायलाही तोंड नाही.

आता रात्री आठला, तिकडच्या साडेचारला, मिरजेच्या बनूमावशी भडंगाच्या डब्याला टेकवून मोबाइल टीव्हीसमोर उभा करतात आणि व्हिडिओ कॉल लावतात. जाहिराती लागल्या की तोच मोबाइल स्वयंपाकघरात जातो, फोडणी दाखवून परत येतो. परवा कॉलमध्ये मलाही घेतलं होतं. सुनेची खरी आई दारात उभी, मिरजेत कुकरची शिट्टी, आणि फ्रँकफर्टहून मामांचा आवाज, "बने, डबा जरा उजवीकडं सरकव, बाई दिसंना झाली."