फेज टू

नानांच्या मोरीतला नळ ठिबकतो. कधीपासून, असं विचारलं तर ते सांगतात, "वाढवण बंदराला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली त्याच्या आदल्या महिन्यापासून." म्हणजे मे २०२४. नानांचं पंचांग बंदरांवर चालतं. धाकटा जन्मला न्हावा-शेवा सुरू झालं त्या साली, १९८९. सासरे गेले ते डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने वाढवणचा पहिला प्रस्ताव फेटाळला त्या साली, १९९८. लग्नाची तारीख मात्र वहिनींना आठवण करून द्यावी लागते.

आयुष्य गोदीत हिशेब लिहिण्यात गेलं, पण निवृत्तीनंतर नाना नियोजनकार झाले. चहाला गेलात की टेबलावर वाढवण उभं राहतं. पोळ्यांचा डबा म्हणजे दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध. बिस्किटं ही नऊ टर्मिनल, प्रत्येकी एक हजार मीटरची. "भराव टाकून १४४८ हेक्टर जमीन, शहात्तर हजार कोटींचं काम!" म्हणत ते साखर पसरतात. बशीतला चहा हा समुद्र. वीस मीटर खोल, चोवीस हजार पेट्यांचं जहाज सहज लागेल. एकदा मी एक टर्मिनल खाल्लं, तर आठवडाभर बोलले नाहीत.

पर्यावरणाविषयी ते विशेष हळवे. जहाज धक्क्याला लागलं की इंजिन बंद करायचं, वीज किनाऱ्यावरून घ्यायची, धूर नाही की काही नाही, हे त्यांनी मला फाटकापाशी वीस मिनिटं समजावलं. तेवढा वेळ त्यांची स्कूटर चालूच होती.

सोसायटीच्या सभेत विषय होता पाण्याची टाकी धुण्याचा. नानांनी २०४७ पर्यंतचा आराखडा वाचला. सेक्रेटरींनी भीत भीत विचारलं, "आणि टाकी?"

"ती फेज टू."

त्यांना अडवते ती एकटी मासळीवाली मावशी, सातपाटीकडची. गेल्या रविवारी नाना तिला म्हणाले, "बंदर होऊ दे मावशी, पोरांना नोकऱ्याच नोकऱ्या."

"आणि पापलेट कुठं जाईल?"

"त्याची अहवालात तरतूद आहे."

"मग आज मासळी कशाला घेता? अहवालच टाका कालवणात."

नानांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता पैसे दिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते फार आवडले.

घरी आलो तर वहिनींनी ठिबकत्या नळाखाली बादली लावलेली. भरली की कुंड्यांना. दोन वर्षांत त्या पाण्यावर कढीपत्ता खिडकीच्या गजांपर्यंत आलाय. नाना बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा शोधू लागले. हे आराखड्यात घ्यायला हवं, म्हणाले.