तट्टूचे मालक

सोलापुरात रिक्षावाल्यापासून सराफापर्यंत सगळेच एकमेकांना मालक म्हणतात. त्या गर्दीत तट्टू पाळणारे मालक ओळखायला फार सोपे. ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या फरशीकडे बघतात. वास्तुशांतीला बोलवा, यजमान कौतुकानं चकचकीत टाइल्स दाखवत असतात आणि हे टाच घासून जाहीर करतात, "ओली झाली की जनावर पडणार." जनावर म्हणजे कोण, हे यजमानांच्या सासूबाई बराच वेळ विचारत राहतात.

दिवाळीनंतर अकलूजच्या घोडेबाजारातून हे तट्टू आलं, ते नातवासाठी. नातवाचा उत्साह संक्रांतीच्या गड्डा जत्रेपर्यंत टिकला. मालकांचा अजून ओसरायचा आहे.

तुळजापूर रस्त्याच्या शेतात त्यांनी तीन बाजू बंद, एक उघडी, असा पत्र्याचा आडोसा उभारला आणि खाली शहाबादी घातली. सोलापूरकराला जमीन दिसली की शहाबादीच सुचते. दगड जवळच्या कलबुर्गी जिल्ह्यातला. घर, ओटा, अंगण सगळीकडे तोच. पण ओल्या शहाबादीवर लोखंडी नाल म्हणजे पडण्याची पूर्ण सोय. तट्टूचे मागचे पाय एकदा फाकले आणि मालकांनी त्या रात्री जेवण सोडलं. फरशी उखडून मुरूम भरला. पावसाळ्यात त्याचा चिखल झाला, उन्हाळ्यात धूळ. मग रबरी मॅटचा ध्यास लागला.

दूधधंद्याच्या सामानाच्या दुकानात त्यांचा प्रवेश बघण्यासारखा असतो.

"गाई किती आहेत मालक?"

"गाय नाही. तट्टू. एकच."

त्या एका तट्टूसाठी सगळा माल खाली उतरतो. मालक मॅट वाकवतात, हुंगतात, कडेला नख लावतात. व्यायामशाळेतली हलकी, एकमेकांत अडकणारी फोमची मॅट पुढे आली की हात झटकतात. "नालेचा पाय एकदा फिरला की ह्याचा चिवडा. अन् तो चिवडा त्यानं खाल्ला की पोटशूळ. डॉक्टरला तुम्ही उठवणार का रात्री?" मग तांब्याभर पाणी मॅटवर ओततात, चपला काढतात आणि गर्रकन गिरकी घेतात.

"काय करू लालाव मालक?"

"घसरून बघू लालोय."

पुढचा भाग दुकानदार शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. घोडा उभ्यानं डुलक्या काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवंच व्हावं लागतं, आणि तेव्हा नाक जमिनीजवळ येतं. मॅटखाली मूत साचलं तर अमोनियाचा झणका थेट छातीत. वर ओलीत उभं राहून खूर कुजतात ते वेगळंच. म्हणून मालक त्या मॅटवर आडवे होतात, कुशीवर वळतात, डोळे मिटतात आणि खालच्या पन्हाळ्यांतून पाणी निघतं का, हे विचारतात. एकदा त्यांना तिथंच झोप लागली होती, असं दुकानातला पोरगा शपथेवर सांगतो.

चीड आणणारी गोष्ट अशी की त्यांचं म्हणणं बरोबर असतं. एका धनगरानं आडोशात डोकावून विचारलं होतं, "आमची तट्टं माळावरच जगली की. ह्याला कशाला गादी?" मालक म्हणाले, "तुमची दिवसभर चालतात. माझं उभं असतं." धनगरानं मान डोलावली.

मालकीणबाईंचा मुद्दा वेगळा आहे. "गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीत घसरले, तर म्हणाले, बघून चालायला काय होतं?"

अखेर निवड झाली ती गाईंसाठी मिळते तीच जाड, जड मॅट: वरून खरखरीत, खालून पन्हाळ्यांची, एक उचलायला दोन गडी लागतील अशी. वजनानंच ती जागची हलत नाही. खाली ठोकून घट्ट केलेला मुरूम, त्याला उघड्या बाजूकडे उतार, सांधे भिंतीपर्यंत गच्च, आणि झोपायच्या कोपऱ्यात ओल शोषायला भुसा. अधूनमधून सगळ्या मॅट उचलून खालची जमीन वाळवायची. मेमध्ये काळं रबर उन्हात चटके देतं, म्हणून मॅट पत्र्याच्या सावलीबाहेर एक वीतही जाऊ द्यायची नाही.

तुम्हालाही जनावरासाठी मॅट घ्यायची असेल, तर मालकांना बरोबर न्या. फक्त दुकान बंद व्हायच्या वेळेला नको. आणि हातासरशी न्हाणीघराच्या मापाचा एक तुकडा कापून घ्या. ते त्यांना सुचणार नाही.