कलम ३२३ सी आणि आपले संस्कार

जर्मनीत उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी खात्री पटली, की ही माणसं पक्की आपमतलबी. शेजारच्या काकूंनी (आडनाव दीड ओळीचं, म्हणून काकू) चहाला बोलावलं नाही, पगार विचारला नाही, दुसरं मूल कधी तेही विचारलं नाही. इतका कोरडेपणा! फक्त एकदा दारावर चिठ्ठी चिकटवली : रविवारी काचेच्या बाटल्या टाकू नयेत, आवाज होतो.

मग लायसनची वेळ आली. आपलं भारतीय लायसन इथे सहा महिने चालतं. पुढे परीक्षा, आणि त्याआधी प्रथमोपचाराचा वर्ग. पुण्यात पंधरा वर्षं गाडी हाकली, पण रबरी बाहुलीची छाती दाबून दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं. आरटीओत आठचा आकडा काढला की झालं.

वर्गातल्या बाईंनी एसेन शहराची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २०१६. एका बँकेच्या एटीएमपाशी ऐंशी ओलांडलेले आजोबा कोसळले. चार गिऱ्हाइकं आली, कुणी त्यांना ओलांडून, कुणी वळसा घालून, आपापलं काम उरकून गेली. पाचव्याने फोन केला. आजोबा पुढे हॉस्पिटलात वारले. सगळं कॅमेऱ्यात. वर्षभराने कोर्टाने तिघांना २,४०० ते ३,६०० युरो दंड ठोकला. बचाव काय, तर आम्हाला वाटलं कुणी बेघर झोपलाय. म्हणजे बेघर असता तर मरायला मोकळा! इथे कलम ३२३ सीनुसार अडलेल्याला मदत न करणं हा गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद.

मी तडक हात वर केला. "आमच्याकडे असले कायदे लागत नाहीत. माणूस पडला की पन्नास जण धावतात."

"वा! आणि काय करतात?"

'कांदा हुंगवतात'ला जर्मन क्रियापद सुचेना. उरलेले एकोणपन्नास काय करतात, ते सुचत होतं, सांगवेना. आपल्याकडे मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये म्हणून २०१६मध्ये सुप्रीम कोर्टाला आणि २०१९मध्ये संसदेला मध्ये पडावं लागलं, हेही गिळलं. इथे मदत केली नाही तर पोलीस, तिथे केली तर पोलीस.

परवा रात्री स्टेशनच्या बाकाखाली एक जण आडवा दिसला. ट्राम दोन मिनिटांत. आधी वर पाहिलं : कॅमेरा होता. मग संस्कार जागे झाले. वाकलो, खांदा हलवला, ११२ दाबायला बोट तयार ठेवलं आणि वर्गात पाठ केलेलं वाक्य म्हटलं : "ऐकू येतंय का?"

त्याने एक डोळा उघडला, माझ्या हातातल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीकडे बोट केलं. दुकानात परत दिली की तिचे पंचवीस सेंट मिळतात.

दिली. म्हणजे, जरा विचार करून दिली.