शनिवारी सकाळी फोन का लागत नाही

आम्स्टलवेन, नेदरलँड्स
शनिवार, दुपार

ती. अण्णांस,


शनिवारी सकाळी आमचा कुणाचाच फोन लागत नाही म्हणून आईचा जीव टांगणीला लागतो, असं ताई म्हणाली. काळजीचं काही कारण नाही. त्या वेळी मी बिटरबॉलन नावाचे गोळे तळत असतो. आत काय असतं ते आईला सांगू नका. मी फक्त तळतो.

आमची चिंगी इथल्या हॉकी क्लबात जाते. क्लब म्हटल्यावर तुम्हाला वेताच्या खुर्च्या आणि व्हिस्कीचे ग्लास दिसले असतील. इथला क्लब म्हणजे घराजवळचं मैदान, सायकलींची ही गर्दी आणि एक कॅन्टीन. मैदानं पुष्कळ ठिकाणी नगरपालिकेची, चालवायची मात्र आईबापांनी. वर्गणी भरूनही सुटका नाही. कॅन्टीनची पाळी, पंचगिरीची पाळी, बाहेरगावी सामना असला की पोरांना गाडीत कोंबून नेण्याची पाळी. गेल्या खेपेला कढईवर माझ्या जोडीला एक हृदयरोगतज्ज्ञ होते. लोक त्यांच्या हातून तेलकट गोळे घेत होते आणि वर आभारही मानत होते.

पाऊस आला म्हणून सामना रद्द होत नाही. मुलं भिजत खेळतात, पालक भिजत उभे राहतात आणि 'आज तशी बरी आहे हवा' असं एकमेकांना सांगतात. तुमच्या सूनबाईंनी तर आता पंचगिरीची शिट्टीच हाती घेतलीय. घरातही वाजवतात.

आमच्या बंड्याचं पोहणं हे वेगळंच प्रकरण आहे. या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली, आणि दाराबाहेर पाऊल टाकावं तर कालवा. म्हणून इथे पोहण्याच्या तीन परीक्षा असतात : ए, बी आणि सी. ए परीक्षेत पाण्याखालून 3 मीटर जाऊन एका पडद्याच्या भोकातून पार व्हायचं, आणि त्याशिवाय कपडे अन् बूट घालूनही पोहून दाखवायचं. कालव्यात पडणारा माणूस काही आधी चड्डी बदलून पडत नाही, हा त्यामागचा विचार. सी परीक्षेला अंगात पावसाळी जाकीटही लागतं. आणि या सगळ्याआधी तलावाच्या प्रतीक्षायादीत आमचा नंबर लागायलाच बंड्याचे बूट दोनदा लहान झाले.

आता तुम्ही म्हणणार, 'त्यांच्याकडे पैसा आहे बाबा.' पण अण्णा, 1947 साली तो नव्हता. महायुद्धाने देश खिळखिळा झाला होता. तेव्हा आम्स्टरडॅम नगरपालिकेतल्या आल्डो व्हान आइक नावाच्या तरुण वास्तुरचनाकाराने बर्टेलमानप्लाइन या चौकात मुलांसाठी खेळायची जागा केली. वाळूचा हौद, लोंबकळायला लोखंडी दांड्या, उड्या मारायला ठोकळे. झालं! ते पाहून बाकीच्या वस्त्यांतले लोकही 'आम्हालाही हवं' म्हणू लागले. घरं पडून मोकळे झालेले तुकडे, चौकांचे कोपरे, मिळेल ती जागा धरून 1978पर्यंत त्याने अशा 700हून जास्त जागा केल्या. पोरांना जागा केवढी मिळते यापेक्षा ती घरापासून किती पावलांवर आहे, याला महत्त्व. बसने जावं लागणाऱ्या क्रीडासंकुलात पोरं वर्षातून एकदा जातात, तीही बक्षीस समारंभाला टाळ्या वाजवायला.

म्हणून एक विनंती. आपल्या सोसायटीमागच्या भूखंडावर 'क्रीडांगणासाठी आरक्षित' अशी पाटी मी शाळेत असल्यापासून आहे. तिथे आजवर फक्त लग्नाचे मांडव आणि बिल्डरची खडी खेळली. तुमची पत्रं वर्तमानपत्रात छापून येतात, वॉर्ड ऑफिसात तुमचं अक्षर ओळखतात. रस्त्यावरच्या खड्ड्यांना महिनाभर विश्रांती द्या आणि या पाटीच्या मागे लागा. संकुल मागू नका, त्याला उद्घाटक मिळेपर्यंत बंड्याला मिशा फुटतील. कुंपण, दोन दिवे आणि पाण्याचा नळ मागा. जागा मिळाली की किल्ली मात्र स्वतःकडे ठेवू नका, घरटी पाळ्या लावा. पहिली पाळी सेक्रेटरींची. पोरांचा चेंडू जप्त करण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे, आता परत देण्याचाही येऊ दे.

आईला नमस्कार, ताईला आशीर्वाद मागितला म्हणून सांगा.

आपला,
बाळ

ता. क. : कॅन्टीनमध्ये बटाटेवडे ठेवावेत असा प्रस्ताव सूनबाईंनी दिलाय. तो समितीकडे गेलाय. समिती इथेही समितीच असते.