कार्ड खिशातच राहू द्या, सरपंच साहेब

मु. वावर, ता. जव्हार, जि. पालघर

सरपंच साहेब (ग्रामपंचायतीचे नव्हे, कबड्डीच्या सामन्याचे),
स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धांचे दिवस आले, की आम्हा प्रेक्षकांना तुमची काळजी वाटते. फक्कीने आखलेल्या मैदानात पोरगी चढाईला गेलीय आणि तिचे क्रीडाशिक्षक रेषा ओलांडून "ओ पंच, डोळे उघडा!" म्हणत आत आलेत, असं झालं तर कृपया हसावं. फार तर "सर, बसा हो" म्हणावं. बसायला काही नसतं, त्यामुळे ते बसणार नाहीत. पण म्हटल्याचं समाधान तुमच्या पदरी.

तुमच्याकडे तीन कार्डं असतात म्हणे. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यालाच मुकणं. प्रशिक्षकांनाही ती दाखवता येतात. पण उगाच कशाला मळवायची? आज ज्यांना दाखवाल ते उद्या दुसऱ्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे असणार, आणि समोर तुमच्या शाळेचा संघ. तेही सर, तुम्हीही सर. खोडाळ्याच्या एसटीत शेजारी बसायचंय.

बास्केटबॉलवाले मात्र फार कोरडे. प्रशिक्षकाने तोंड सोडलं की तांत्रिक चूक आणि समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. तोच पुन्हा घसरला की थेट बाहेर. चहा नाही, समजूत नाही. 23 फेब्रुवारी 1985 ला इंडियाना विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक बॉबी नाइट यांनी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात रागाच्या भरात खुर्चीच मैदानात भिरकावली. एवढा नावाजलेला माणूस, पण त्यांनाही घालवलं. आपल्याकडे ती भीती नाही. धड खुर्ची एकच, आणि तिच्यावर प्रमुख पाहुणे.

आमचा आदर्श निराळा. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेतली भारत-इराण अंतिम लढत. 28-28 वर असताना मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या, म्हणजे लॉबीच्या नियमावरून जवळपास तासभर खेळ थांबला. निर्णय इकडे फिरला, तिकडे फिरला, खेळाडू मॅटवर बसले. शेवटी भारत 33-29 ने जिंकला, आनंदच झाला. पण हुज्जत घातली की निर्णय हलतो, हे आमच्या सहावीतल्या पोरांना तेव्हापासून पाठ आहे.

सरांचंही नवल वाटत नाही म्हणा. पुढे कुठेतरी दहावीचे वाढीव गुण आहेत, नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण आहे, आणि ती सगळी वाट एका बोनस गुणापाशी अडलेली. अशा वेळी आवाज चढणारच. फक्त तो चढला की आत चढाईला गेलेली पोरगी दचकून सरांकडे बघते आणि तिचा दम तुटतो. तिला मात्र तुम्ही लगेच बाद देता. तिथे तुमची शिट्टी क्षणभरही अडखळत नाही. "बाई गं, जरा समजून घे" असं काही तिला म्हणावं लागत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
रेषेबाहेर उभा असलेला एक

ता. क. परवा पोरं शाळेमागे कबड्डी खेळत होती. पंच व्हायला कोणी तयार नव्हतं. सगळ्यांना सर व्हायचं होतं.