पाण्याचे मामा

गारखेड्याकडून पुंडलिकनगरात शिरलं, की गल्लीगणिक एक ज्येष्ठ नागरिक दिसतो. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्याची चड्डी, आणि नळाला कान लावून वाकलेला. त्याला चक्कर आलेली नसते. आज पाण्याचा दिवस असतो. "थांबा, एअर पास होतीय," असं तो आत बघून ओरडतो आणि घरातल्या घागरी, ड्रम, सुना सगळे सावध होतात. आमचे सासरे, म्हणजे मामा, याच जातकुळीतले.

वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात. मामांनी नळ धरला. गुंठेवारीतला वीस बाय तीसचा प्लॉट त्यांनी तरुणपणी बाँडपेपरवर घेतला होता. बांधकाम काढलं तेव्हा गवंड्याला पहिली सूचना हौदाची. हौद झाल्यावर जी जागा उरली, तीत संसार. हॉलमधल्या सोफ्याखाली हौदाचं झाकण होतं. पाणी आलं, की बसलेल्या पाहुण्यांनी कपबशीसकट उठायचं. आम्ही मुलगी पाहायला गेलो तेव्हाही उठलो होतो. पसंती उभ्याउभ्याच झाली.

जायकवाडी त्यांना घरच्या शेतासारखी. १९६५ साली शास्त्रीजींनी पाया घातला, १९७६ साली इंदिराबाईंनी लोकार्पण केलं, हे मामा मांडवात स्वतः नारळ धरून उभे असल्यासारखं सांगत. धरण भरलं म्हणजे १५२२ फूट आणि १०२ टीएमसी; लग्नाची तारीख मात्र सासूबाईंना विचारावी लागे. पावसाळ्यात भल्या सकाळी फोन यायचा. "पाव्हणे, नाशकात जोर धरलाय. आवक वाढतीय." लेकीची आणि नातवाची चौकशी त्यानंतर.

एकदा मी बोलून गेलो, "मामा, धरण काठोकाठ भरलं तरी आपला नळ यायचा तेव्हाच येणार ना?"

मामा दुखावले. "पैठणला नाथांच्या घरी प्रत्यक्ष देवानं श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी वाहिलं. आणि तुम्हाला रात्री उठून चावी फिरवायचा कंटाळा?"

जावयाचं कौतुक करायची त्यांची तऱ्हा निराळी. २०२३च्या अधिक श्रावणात धोंड्याचं जेवण होतं. तेहतीस अनारसे, दिवा, कपडे, सगळं रीतसर मांडलेलं. पण त्याआधी मामांनी मला बाजूला घेतलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आज बादली नको. शॉवर सोडा." त्या घरातला शॉवर बसवल्यापासून कोरडा होता. मी आत गेलो. मेव्हणा दाराशी उभा राहून पाण्याचा आवाज ऐकत राहिला. पोटच्या पोराच्या नशिबी ते सुख कधी आलं नव्हतं. सासरे जावयाला मुलगा मानतात म्हणे. मामांनी मला मुलगा मानलं असतं, तर मलाही अर्धी बादलीच मिळाली असती.

२०२०च्या डिसेंबरात १६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं. पुढं पैठण रोडला अडीच मीटर व्यासाचे पाइप येऊन पडले, तेव्हा मामा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून दर्शनाला गेले. एका पाइपात ताठ उभे राहिले. हात वर केला तरी वरचा पत्रा लागेना. "ह्यातून पाणी आलं, की मी हौद बुजवणार," म्हणाले आणि लेकाला फोटो काढायला लावला.

हौद बुजला नाही. मामा गेले, ते नेमके पाण्याच्या दिवशी. घरात रडारड चालली होती, आणि नळ फुसफुसला. हुंदके जागच्या जागी थांबले. सासूबाई डोळ्यांना पदर लावूनच म्हणाल्या, "सोफा सरकवा रे कुणीतरी." निम्मे भाऊबंद मामांजवळ बसले, निम्मे ड्रमांजवळ. स्मशानातून परतल्यावर एवढ्या माणसांच्या आंघोळी झाल्या, तरी टँकर सांगावा लागला नाही. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "काय माणूस! जातानाही सोय लावून गेला." आणि आवाज खाली आणून विचारायचा, "लाइनमनचा नंबर त्यांच्याच फोनमध्ये असंल ना?" नंबर होता. 'भगीरथ' या नावानं सेव्ह केलेला. त्याच्या खाली मी होतो, 'जावई, टाकी १०००'.

भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर मामा हसलेत असा एकच निघाला, पाइपातला. मेव्हणा तो घेऊन फ्रेमवाल्याकडं गेला. मी सोबत होतो. डोक्यामागं पाइपाचं ते भलंमोठं गोल वर्तुळ, पलीकडून आलेला उजेड आणि मामांचा कृतार्थ चेहरा. फ्रेमवाल्यानं फोटो कपाळाला लावला.

"महाराज कोणत्या संस्थानचे?"

"जायकवाडी," मेव्हणा म्हणाला.

फ्रेमवाल्यानं पन्नास रुपये कमी घेतले.